जबड्यावरचा हात

इचरजबाई झोपेत दात खातात ही गोष्ट घरात फक्त किशनलालांना माहीत होती. स्वतः इचरजबाईंनाही नव्हती.

परतूरच्या मोंढ्यात किशनलालांची आडत आहे. ज्वारी, तूर, सोयाबीन, आणि दिवाळीच्या आसपास कापूस. वय सहासष्ट. पोत्यात लोखंडी नळी खुपसून धान्याचा नमुना काढण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. नळी आत सरकताना दाण्यावर दाणा घासून एक कोरडा आवाज होतो. रात्री शेजारच्या अंथरुणातून येणारा आवाज तसाच होता. दहा-बारा सेकंद चालायचा, थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

तो पहिल्यांदा आला तेव्हा मुलाला जाऊन पंधरा दिवस झाले होते. किशनलाल जागेच होते. त्यांना वाटलं, उंदीर आहे. दिवा लावला. इचरजबाईंचे डोळे मिटलेले होते, कपाळावर आठी नव्हती, फक्त कानाच्या खाली जबड्याचा स्नायू गाठीसारखा वर येत होता आणि परत बसत होता. किशनलालांनी त्या गाठीवर तळवा ठेवला. थोड्या वेळाने ती सैल झाली. तेव्हापासून तेच चालू राहिलं. आवाज आला की ते हात ठेवायचे आणि हात ठेवला की आवाज थांबायचा. इचरजबाई सकाळी कानशिलं चोळत उठायच्या, पित्त झालं म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. किशनलालांनी कधी काही सांगितलं नाही.

मुलाचं नाव अर्पित. कनिकानंतर अकरा वर्षांनी झालेला. कनिका लग्न होऊन जालन्यात होती, अर्पित दुकानात बापाच्या हाताखाली. अठ्ठावीस वर्षांचा, दोन स्थळं पाहून झालेली. डिसेंबर २०२१ मधल्या एका शनिवारी तो कुंभार पिंपळगावकडे एका शेतकऱ्याचा कापूस पाहायला गेला. त्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीला आणि चौदसेला या घरात सगळे सूर्य बुडायच्या आत जेवतात आणि मग सकाळपर्यंत अन्नही नाही, पाणीही नाही. त्याला चौविहार म्हणतात. अर्पित परत येत असताना उसाने भरलेली एक ट्रॉली टायर बसून रस्त्यातच उभी होती. मागे लाल पट्टी नव्हती, दगड लावलेले नव्हते. उजेड धड होता असंही नाही आणि गेला होता असंही नाही. गाडी मागून ट्रॉलीखाली घुसली. पंचनाम्यात वेळ लिहिली आहे पाच पंचेचाळीस.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी किशनलालांना अर्पितचा मोबाइल दिला. काच तडकली होती, बाकी सगळं चालू होतं. शेवटचा फोन आलेला होता. नाव मम्मी, वेळ पाच एकवीस, एक मिनिट दहा सेकंद.

अर्पित होता तिथून परतूरला यायला चाळीस मिनिटं लागतात. त्या दिवशी सूर्य पाच अठ्ठेचाळीसला बुडाला. किशनलालांनी वजाबाकी केली नाही, ती आपोआप झाली. चाळीस मिनिटांच्या रस्त्याला सत्तावीस मिनिटं.

ते घरी आले तेव्हा बैठकीत तीसेक बायका होत्या. कनिका आईला विचारत होती की तो शेवटचं काय बोलला. इचरजबाई म्हणाल्या, "दुपारनंतर आमचं बोलणंच झालं न्हाई."

किशनलालांच्या खिशात मोबाइल होता. ते तसेच मागे फिरले, दुकानात गेले, मोबाइल बंद करून गल्ल्याच्या खालच्या खणात जुन्या पंचांगांच्या तळाशी ठेवला आणि खणाला कुलूप लावलं.

त्यांच्या जैन समाजात घरातलं माणूस गेलं की मोठ्याने रडणं बरं मानत नाहीत. रडायच्या जागी नवकार मंत्र म्हणा, असं सांगतात. इचरजबाई रडल्या नाहीत. कनिकाला हुंदका आला की तिच्या पाठीवर हात ठेवून नवकार सुरू करायच्या. गेलेल्याच्या नावाने काहीतरी सोडायचीही पद्धत आहे. कुणी गोड सोडतं, कुणी एखादी भाजी. बाराव्या दिवशी इचरजबाईंनी जन्मभरासाठी रोजचा चौविहार घेतला. सूर्य बुडाल्यावर तोंडात काही घालायचं नाही. गावातल्या लोकांनी त्यांच्या धीराचं कौतुक केलं. त्यांनी नेमका हाच नियम का घेतला, हे किशनलाल सोडून कुणाला कळण्यासारखं नव्हतं.

आणखी एक गोष्ट बदलली. नवरा-बायकोने एकमेकांना नावाने हाक मारायची त्या घरात रीत नव्हती. ते तिला 'अर्पितची मम्मी' म्हणायचे, ती त्यांना 'अर्पितचे पप्पा'. मुलगा गेल्यावर दोघांची ही हाक बंद झाली आणि दुसरी कुठली तिच्या जागी आली नाही. काही सांगायचं असलं की किशनलाल खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे. इचरजबाईंनी वर पाहिलं की बोलायचे.

अशी अडीच वर्षं गेली.

२०२४ च्या श्रावणात एका दुपारी इचरजबाई मुगाची खिचडी खात होत्या. तोंडात काहीतरी कडक लागलं. त्यांनी ते ताटाच्या कडेला काढलं आणि पुष्पाबाईंना हाक मारली. पुष्पाबाई वीस वर्षांपासून धुणं-भांडी आणि निवडणं-टिपणं करतात. या घरात आवाज चढवून बोलणाऱ्या त्या एकट्याच. इचरजबाई म्हणाल्या की डाळ नीट निवडत जा, आज माझा दात गेला असता. पुष्पाबाईंनी तो खडा बोटावर घेतला, खिडकीपाशी जाऊन उजेडात फिरवला.

"बाई, गेला असता म्हणू राह्यल्या. गेलाय की. ह्यो खडा न्हाई, तुमचीच दाढ हाय."

त्यांनी तो तुकडा पदराने पुसून परत ताटात ठेवला आणि वर ऐकवलं की आता वीस वर्षांच्या डाळीची माफी मागा. इचरजबाईंनी जिभेने चाचपून पाहिलं. वरच्या डाव्या दाढेचा एक कोपरा नव्हता. खिचडीत दात तुटेल असं काहीच नव्हतं.

दाताच्या दवाखान्यात किशनलाल बरोबर गेले. दवाखाना डॉ. वर्षाराणींचा. त्यांचे वडील मल्हारी. मल्हारींनी तरुणपणी मेंढरं विकून शेती धरली, आणि त्यांची तूर गेली तीस वर्षं किशनलालांच्याच आडतीवर येते. लहानपणी पोत्यांवर बसून येणारी ही मुलगी शाळेत अर्पितच्या दोन वर्षं मागे होती. ती किशनलालांना काका म्हणते आणि इचरजबाईंना काकू.

तिने तुटलेली दाढ पाहिली आणि मग बाकीचे दात बराच वेळ पाहत राहिली. आरसा देऊन काकूंनाही दाखवलं. दाढांवरचे उंचवटे झिजून सपाट झाले होते. जिभेच्या कडेवर दातांचे ठसे होते. गालाच्या आतून एक पांढरी रेघ गेली होती. सकाळी कानशिलं दुखतात का, जबडा आखडतो का, असं तिने विचारलं आणि दोन्हीला हो उत्तर मिळाल्यावर किशनलालांकडे वळली.

"काका, रात्री आवाज येतो का? हे पेशंटला कधीच माहीत नसतं. शेजारी झोपणाऱ्यालाच विचारावं लागतं."

किशनलालांना वाटलं नव्हतं की हा प्रश्न त्यांना विचारला जाईल. येतो म्हणाले. किती दिवसांपासून, तर अडीच वर्षं. इचरजबाईंनी खुर्चीत मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. अडीच वर्षं हे शब्द ऐकून त्यांची नजर तिथेच थोडी थांबली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हे जंतांमुळे नाही. कुणावर राग आहे म्हणूनही नाही. झोपेत जबडा आवळला जातो, आणि जागेपणी चावताना आपण जेवढा जोर लावतो त्याच्या कितीतरी पट जोर त्या वेळी लागतो, कारण थांब म्हणून सांगणारं कुणी जागं नसतं. कारणं अनेक असू शकतात, पण मनावरचा ताण हे त्यातलं मोठं. मग तिने आवाज खाली आणून विचारलं, की काकू, मनात काही आहे का.

"मनात काय असणार," इचरजबाई म्हणाल्या. "सगळं बराबर हाय."

किशनलाल भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचत राहिले.

उपाय सांगितले गेले. तुटलेल्या दाढेवर कॅप. झोपताना जबड्याला कोमट फडक्याचा शेक. दिवसाही लक्ष ठेवायचं, ओठ मिटलेले आणि दात सुटे राहिले पाहिजेत. आणि रात्री वरच्या दातांवर बसवायचा प्लॅस्टिकचा गार्ड, मापाने केलेला. तो दात खाणं थांबवत नाही, पण झिजायचं ते गार्ड झिजतो, दात वाचतात. तो न लावल्यास वर्षा-दोन वर्षांत आणखी दाढा तडकतील, आणि मग कॅप बसवायलाही खाली काही उरणार नाही.

शेवटच्या सूचनेवर इचरजबाईंनी नकारार्थी मान हलवली. सूर्य बुडाल्यावर त्या तोंडात काही घालत नाहीत. डॉक्टर म्हणाल्या की हे खायचं नसतं. इचरजबाईंनी सांगितलं की त्या पाणीसुद्धा घेत नाहीत. डॉक्टरांनी सुचवलं, सूर्य बुडायच्या आत लावा आणि सकाळी काढा.

तो प्रयत्न दोन दिवस झाला. संध्याकाळी पावणेसातला गार्ड लावून इचरजबाई प्रतिक्रमणाला बसल्या. दिवसभरातल्या चुकांची क्षमा मागायचे ते पाठ त्यांना लहानपणापासून तोंडपाठ. पण प्लॅस्टिक लावल्यावर शब्द बोबडे यायला लागले. क्षमा मागताना शब्दच चुकत असतील तर त्याची आणखी वेगळी क्षमा मागावी लागेल, असं म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांनी गार्ड डबीत ठेवून दिला. पाठ झाल्यावर लावायचा तर तोवर सूर्य बुडालेला. पुष्पाबाईंनी वावडिंगाचा काढा आणून दिला, डॉक्टर काही म्हणोत, जंतच आहेत म्हणाल्या. येता-जाता त्या "बाई, दात सुटे!" असं ओरडायच्या आणि इचरजबाई खरोखरच दात सोडवायच्या. पण ते दिवसाचं झालं.

कनिकाने फोनवर सांगितलं की पप्पा, चातुर्मासासाठी साध्वी महासतीजी जालन्याच्या जैन स्थानकात आहेत, त्यांनाच विचारा. त्यांनी मोकळीक दिली तर मम्मी ऐकेल. नियम मम्मीने त्यांच्याचकडून घेतला आहे.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी किशनलाल सकाळच्या गाडीने जालन्याला गेले. विचारायचं म्हणूनच गेले. स्थानकात व्याख्यान चालू होतं, ते शेवटच्या रांगेत बसले. व्याख्यान संपल्यावर लोक एकेक करून पुढे जात होते, अडचण सांगत होते. त्यांच्या पुढे सहा माणसं होती. काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवून पाहिलं. बायको झोपेत दात खाते. कधीपासून? मुलगा गेल्यापासून. नियम कधी घेतला? तेव्हाच. हाच का घेतला? इथे येऊन ते अडकत. खरं उत्तर द्यायचं तर पाच एकवीसचा फोन सांगावा लागणार. ती गोष्ट बायकोने जगापासून लपवलेली आणि त्यांनी बायकोपासून. शंभर माणसांच्या त्या हॉलमध्ये ती पहिल्यांदा तोंडाबाहेर काढायची, आणि तीही तिच्या मागे.

त्यांची पाळी आली. त्यांनी हात जोडले, मांगलिकाचा पाठ ऐकला आणि काही न विचारता बाजूला झाले.

परतीच्या गाडीत त्यांनी ठरवलं. घरी येऊन दारात उभे राहिले, इचरजबाईंनी वर पाहिल्यावर म्हणाले की महासतीजींनी आज्ञा दिली आहे. औषधाच्या जागी आहे, नियम मोडत नाही.

चाळीस वर्षांच्या व्यवहारात ते मालाच्या प्रतीबद्दल खोटं बोलले नव्हते. बाजारात त्यांची ओळखच ती होती. इचरजबाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी जालन्याच्या दिशेला हात जोडले आणि रात्री गार्ड लावला.

पुढचे अडीच महिने बरे गेले. आवाज प्लॅस्टिकमध्ये दबून यायचा, पोत्याच्या आत पोतं असल्यासारखा. किशनलाल कितीतरी दिवसांनी सलग झोपायला लागले. इचरजबाईंचं पित्त कमी झालं, एकदा तर त्या पुष्पाबाईंच्या नकलेवर हसल्या. दसऱ्यानंतर डॉक्टरांकडे तपासणी झाली. डॉक्टरांनी गार्ड दिव्यासमोर धरून किशनलालांना दाखवला. डाव्या बाजूला दोन खळगे पडले होते आणि त्यांच्या तळाला प्लॅस्टिक दुधाळ झालं होतं.

"दात वाचलेत, काका. पण चालू आहे. जेवढं होतं तेवढंच चालू आहे."

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला आणि महासतीजी विहाराला निघाल्या. परभणीच्या दिशेने पायी जाताना त्या दोन दिवस परतूरच्या स्थानकात थांबणार असा निरोप आला. किशनलालांना तो दुकानात मिळाला. त्यांनी त्याच दिवशी घरी सगळं सांगायला हवं होतं. ते खणाच्या कुलपाकडे पाहत बसले, मग तुरीची एक गाडी आली आणि ते मापाला उठले.

इचरजबाई दुपारच्या दर्शनाला गेल्या. मोकळीक दिल्याबद्दल त्यांनी महासतीजींचे आभार मानले. महासतीजींना काही आठवेना. कशाची मोकळीक, असं त्यांनी विचारलं. इचरजबाईंनी सांगितलं. महासतीजी म्हणाल्या की मला कुणी विचारलेलं नाही. पण विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. ते अन्न नाही, पाणी नाही, मुखवास नाही. त्याने चौविहार मोडत नाही. आज्ञेचीच गरज नव्हती.

म्हणजे किशनलाल ज्यासाठी खोटं बोलले, ते खरंच निघालं. इचरजबाईंना मात्र त्यातलं पहिलंच वाक्य ऐकू आलं.

किशनलाल साडेचारला घरी आले. जेवण सूर्यास्ताच्या आत, म्हणून ते रोज याच वेळी येत. ताटं वाढलेली होती. ताटांच्या मध्ये गार्डची निळी डबी होती. पुष्पाबाई भांडी घासत होत्या, त्यांनी दोघांची तोंडं पाहिली, हात धुतले आणि उरलेली भांडी सकाळी घासते म्हणून निघून गेल्या.

इचरजबाई म्हणाल्या, "तुम्ही विचारलंच न्हाई."

"गेल्तो," किशनलाल म्हणाले. "विचारायलाच गेल्तो."

"मंग?"

"विचारलं असतं तर नियम का घेतला ते सांगावं लागलं असतं."

"सांगायचं की. मुलाच्या नावानं घेतला. सगळ्या गावाला माहीत हाय."

किशनलाल ताटासमोर बसले. भाकरी त्यांनी मोडली नाही.

"त्याचा मोबाइल माझ्याकडं हाय," ते म्हणाले. "पाच एकवीस."

इचरजबाई उभ्याच होत्या. त्यांनी ओट्याची कड धरली. त्यांचा जबडा आवळला आणि कानाखाली ती गाठ वर आली. दिवसाउजेडी, जागेपणी, किशनलाल ती पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी विचारलं की कधीपासून माहीत आहे. किशनलालांनी सांगितलं, तिसऱ्या दिवसापासून.

मग त्या बोलायला लागल्या, ताटाकडे पाहत, भाजीचा हिशोब सांगावा तशा. तो म्हणत होता, मम्मी तू जेवून घे, मला उशीर होईल, मी आज अष्टमी सोडतो. मी म्हणाले, सोडू नको. मी म्हणाले, तू आल्याशिवाय मी जेवणार न्हाई, मग माझाही उपास घडेल, बघ. तो हसला. म्हणाला, येतो, ताट वाढ. मी ताट वाढलं. एक मिनिट दहा सेकंदांत एवढंच बोलणं झालं होतं.

"तुम्हाला कळलं तर काय होईल याचीच भीती होती," त्या म्हणाल्या. "रोज वाटायचं, आज कळेल. आणि तुम्हाला तर माहीत होतं. माहीत असून रोज माझ्या शेजारी झोपत होता."

"तुला त्रास नको म्हणून बोललो न्हाई."

"एवढंच?"

किशनलालांनी ताट थोडं पुढे सरकवलं.

"एकदा तरी म्हणायचं होतं, तुझी चूक न्हाई म्हणून."

"न्हाईच तुझी चूक. ट्रॉली उभी होती. मागं पट्टी नव्हती."

"आज म्हणताय." इचरजबाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "पहिल्या वर्षी म्हणाला असता?"

हो म्हणणं सोपं होतं. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी दारात उभं राहून एक खोटं याहून सहज सांगितलं होतं. पण निळी डबी समोर होती.

"न्हाई," किशनलाल म्हणाले. "पहिल्या वर्षी म्हणालो नसतो. वजाबाकी डोक्यात होती. तुझ्याकडं पाहिलं की सत्तावीस मिनिटं दिसायची."

"आणि मंग?"

"मंग आवाज ऐकून ऐकून गेली. कधी गेली ते सांगता येत न्हाई."

इचरजबाईंनी मान हलवली. पटलं म्हणून की अंदाज खरा निघाला म्हणून, ते किशनलालांना समजलं नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून निघून गेलं. कुणीच जेवलं नाही. सूर्य बुडाला तेव्हा इचरजबाईंनी दोन्ही ताटं झाकली, म्हणाल्या की सकाळी पुष्पाबाईंना द्यावी लागतील, आणि पाठाला बसल्या. आज गार्ड नव्हता, उच्चार स्वच्छ होते. एका ठिकाणी त्या थांबल्या. किशनलाल बाहेरच्या खोलीत ऐकत होते.  मग त्या पुढच्या ओळीपासून सुरू झाल्या.

झोपताना त्यांनी डबी उघडली नाही. किशनलालांनी विचारलं की आता तर महासतीजींनीच सांगितलं आहे, मग का नको. इचरजबाई म्हणाल्या, उद्यापासून लावते. आज मला ऐकायचाय.

"काय?"

"तो आवाज. तीन वर्षं तुम्ही ऐकला. कसा येतो?"

किशनलालांनी पोत्याचं आणि नळीचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"आज आला की हात ठेवू नका," त्या म्हणाल्या. "मला उठवा."

म्हणजे हाताचंही त्यांना माहीत होतं. कधीपासून, ते किशनलालांनी विचारलं नाही.

ते जागे राहिले. बाराची गाडी गेली. त्यानंतर कधीतरी आवाज सुरू झाला, प्लॅस्टिकशिवाय, मोकळा. अडीच महिन्यांत त्याची सवय मोडली होती. तो आठवणीत होता त्यापेक्षा मोठा होता. किशनलालांचा हात सवयीने उचलला गेला आणि जबड्याच्या जवळ जाऊन थांबला. तिथे ठेवला असता तर गाठ सैल झाली असती, त्या झोपून राहिल्या असत्या, सकाळी कानशिलं चोळत उठल्या असत्या.

त्यांनी हात खांद्यावर नेला आणि हलवलं. त्या उठेनात. दारात उभं राहून कुणी वर पाहण्याची वाट बघणं इथे चालण्यासारखं नव्हतं. काहीतरी हाक मारावीच लागणार होती, आणि त्यांच्याजवळ एकच हाक होती.

"अर्पितची मम्मी," ते म्हणाले. "उठ. येऊ राह्यला."

आवाज मध्येच तुटला. इचरजबाईंनी डोळे उघडले, आणि उठून बसल्या. दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा धरून त्या बराच वेळ तशाच बसल्या, कान देऊन. आवाज अर्थातच थांबलेला होता. जागं झाल्यावर तो कुणालाच ऐकू येत नाही.

"गेला," त्या म्हणाल्या.

किशनलालांनी दिवा लावला नाही. अंधारात त्यांना शेजारून श्वास ऐकू येत होता. आधी लांब, मग तुटक, मग त्यात हुंदक्याचा आवाज मिसळला. त्यांना सवयीने वाटलं की नवकार सुरू करावा. त्यांनी तो केला नाही.